'संबंधी' एक, इंग्रजी पर्याय अनेक

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळ मागे टाकले, की भोर तालुक्यातील किकवी हे गाव लागते. नीरा नदी ओलांडून थोडे पुढे गेले, की सातारा जिल्ह्यातील शिरवळ व तेथील कारखाने. गावाचा रोजचा व्यवहार मराठीत चालतो. पण महामार्गाने आणि कारखान्यांनी अशा गावांच्या दारात इंग्रजी कागद आणून ठेवला आहे. नोकरीचा अर्ज, विमा कंपनीकडील दावा, भूसंपादनावरील हरकत, बँकेचे कर्जपत्र, ठेकेदाराबरोबरचा करार यांपैकी एखादा तरी इंग्रजीत वाचावा अथवा लिहावा लागतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सन २००० पासून सुरू झाला. त्यामुळे इंग्रजी वाक्य मुळीच जुळवता येत नाही, अशी स्थिती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. अडचण येते ती बारकाव्यांची, आणि त्यांतही एका गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीशी असलेला संबंध सांगताना अधिक.

मराठीत 'संबंधी', 'विषयी', 'बाबत', 'बद्दल', 'संदर्भात', 'अनुषंगाने' हे शब्द बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या जागी चालून जातात. इंग्रजीत त्यांच्यासाठी डझनभर शब्दगट आहेत. ते सारखे दिसतात, पण प्रत्येकाचे काम वेगळे असते. चुकीचा शब्दगट वापरल्यास कधी वाक्य केवळ विचित्र वाटते, कधी मात्र अर्थच बदलतो. कायद्याच्या भाषेत तर एका शब्दगटावर खटल्याचा निकाल अवलंबून राहिल्याची उदाहरणे आहेत.

गोंधळाचे मूळ मराठीत

हा गोंधळ केवळ इंग्रजीच्या अज्ञानातून होत नाही. मराठी वाक्यरचनेची सवयही त्याला कारणीभूत असते. मराठीत 'रस्त्याशी संबंधित' असे म्हणतात. 'शी' या प्रत्ययासाठी मनात 'विथ' हा शब्द येतो आणि 'रिलेटेड विथ' ही रचना तयार होते. इंग्रजीत 'रिलेटेड' या शब्दापुढे 'टू' येतो. उलट 'असोसिएटेड' या शब्दापुढे 'विथ' येतो, 'टू' नव्हे. 'कनेक्टेड' आणि 'लिंक्ड' यांच्यापुढे दोन्ही चालतात, पण 'कनेक्टेड'च्या बाबतीत अर्थाची छटा बदलते.

दुसरी सवय 'विषयी' या शब्दाची. 'पाणीयोजनेविषयी चर्चा केली' हे मराठीत शुद्ध आहे. त्यावरून 'डिस्कस्ड अबाउट' असे लिहिले जाते. इंग्रजीत 'डिस्कस' हे क्रियापद थेट कर्म घेते; त्याला 'अबाउट' लागत नाही. 'मेन्शन' या क्रियापदाचेही तसेच. 'डिस्कशन' हे नाम असेल, तर मात्र त्यापुढे 'ऑन' किंवा 'अबाउट' येतो. क्रियापद आणि नाम यांतील हा फरक लक्षात ठेवला, तरी बऱ्याच चुका टळतात.

तिसरा घोटाळा 'बद्दल' या शब्दाचा. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी मोबदला, बदली हा अर्थ आहे. मराठीत तो 'विषयी' आणि 'च्या मोबदल्यात' अशा दोन्ही अर्थांनी रुळला. 'मदतीबद्दल आभार' यात आभार मदतीच्या मोबदल्यात आहेत, मदत हा तेथे चर्चेचा विषय नाही. म्हणून इंग्रजीत 'थँक यू फॉर युअर हेल्प' होते, 'अबाउट' होत नाही. 'निवडीबद्दल अभिनंदन' यासाठी 'काँग्रॅच्युलेशन्स ऑन', 'विलंबाबद्दल क्षमा' यासाठी 'अपॉलॉजी फॉर', 'रस्त्याबद्दल तक्रार' यासाठी 'कम्प्लेंट अबाउट', तर 'ठेकेदाराबद्दल तक्रार' यासाठी 'कम्प्लेंट अगेन्स्ट'. मराठीत पाचही ठिकाणी 'बद्दल' असला, तरी इंग्रजीत चार वेगळे शब्द येतात.

पत्रातील 'विषय' आणि 'संदर्भ'

कार्यालयीन पत्राच्या शिरोभागी मराठीत दोन ओळी असतात : विषय आणि संदर्भ. 'रिगार्डिंग' आणि 'विथ रेफरन्स टू' यांतील भेद या दोन ओळींच्या भेदासारखाच आहे. पत्र कोणत्या बाबीविषयी आहे, हे सांगायचे असेल, तर 'रिगार्डिंग'. पत्र कोणत्या आधीच्या कागदाला धरून आहे, हे सांगायचे असेल, तर 'विथ रेफरन्स टू'. त्यापुढे शक्यतो पत्राचा क्रमांक, जाहिरातीची तारीख किंवा झालेली बैठक असा निश्चित संदर्भ यावा. "विथ रेफरन्स टू युअर अॅडव्हर्टाइझमेंट डेटेड ५ जून" हे योग्य. "विथ रेफरन्स टू द बॅड कंडिशन ऑफ द रोड" हे वाक्य कळते, पण कच्चे वाटते. कारण रस्त्याची दुरवस्था हा कागद नाही, तो विषय आहे.

'रिगार्डिंग' या शब्दानंतर 'टू' येत नाही. 'विथ रिगार्ड टू' आणि 'इन रिगार्ड टू' या दोन्ही रचना शुद्ध आहेत. त्यांत 'रिगार्ड' एकवचनी राहतो. 'विथ रिगार्ड्स टू' असे अनेकवचन केले, की त्याचा अर्थ 'नमस्कार' या शब्दाकडे झुकतो, कारण पत्राच्या शेवटी सदिच्छा म्हणून लिहायचा शब्द 'रिगार्ड्स' हाच आहे. अपवाद 'अॅज रिगार्ड्स' या रचनेचा. तेथे 'रिगार्ड्स' हे क्रियापद आहे, म्हणून 'स' योग्य ठरतो आणि पुढे 'टू' लागत नाही.

विषयाच्या ओळीत आणखी एक गफलत होते. मराठी पत्रात 'विषय : रस्ता दुरुस्त करणेबाबत' असे लिहिण्याचा प्रघात आहे. त्याची नक्कल करून इंग्रजीत 'सब्जेक्ट : रिगार्डिंग रिपेअर ऑफ रोड' असे लिहिले जाते. 'सब्जेक्ट' या शब्दातच 'बाबत' आलेले असते. पुन्हा 'रिगार्डिंग' लिहिणे ही द्विरुक्ती होय. शिवाय अर्जदाराला काय हवे, हे त्या ओळीतून कळत नाही : दुरुस्तीची मागणी आहे, झालेल्या दुरुस्तीची तक्रार आहे, की खर्चाची माहिती हवी आहे? 'रिक्वेस्ट फॉर रिपेअर ऑफ रोड', 'कम्प्लेंट अबाउट रिपेअर ऑफ रोड', 'अॅप्लिकेशन फॉर डिटेल्स ऑफ एक्स्पेंडिचर ऑन रोड रिपेअर' या तीन ओळींतून तीन वेगळी कामे स्पष्ट होतात. पत्र कोणत्या टेबलावर जावे, हे या एका ओळीवर ठरू शकते.

'अनुषंगाने' या शब्दाचेही दोन इंग्रजी पर्याय नीट वेगळे ठेवावेत. आधीच्या पत्राला किंवा संभाषणाला जोडून पुढचे लिहायचे असेल, तर 'फर्दर टू'. एखाद्या आदेशाने, ठरावाने किंवा कायद्याने दिलेल्या अधिकारानुसार काही केले असेल, तर 'पर्स्युअंट टू'. ग्रामसभेच्या ठरावानुसार काम सुरू झाले असेल, तर दुसरा पर्याय. दूरध्वनीवरील बोलण्यानंतर पत्र लिहिले असेल, तर पहिला.

'रिलेटेड', 'कनेक्टेड', 'असोसिएटेड'

माणसामाणसांतील संबंध सांगताना या तीन शब्दांतील फरक सर्वांत ठळकपणे दिसतो. एखादा ठेकेदार सरपंचांशी 'संबंधित' आहे, असे मराठीत म्हटले, तर संबंध कोणता, हे वाक्य मोघम ठेवते. इंग्रजीत तसे मोघम राहता येत नाही. 'रिलेटेड टू द सरपंच' म्हणजे सरपंचांचा नातेवाईक. 'असोसिएटेड विथ द सरपंच' म्हणजे त्यांच्याबरोबर काम, व्यवसाय किंवा संघटनेच्या निमित्ताने जोडलेला. 'कनेक्टेड विथ द सरपंच' म्हणजे त्यांच्याशी काही ना काही लागाबांधा असलेला. 'अक्वेंटेड विथ' म्हणजे केवळ परिचित.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ हे सदस्याच्या अपात्रतेविषयी आहे. पंचायतीच्या आदेशाने केलेल्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा वा हितसंबंध असणे, हे त्यात अपात्रतेचे एक कारण सांगितले आहे. तेथे 'इंटरेस्ट' हा शब्द येतो. नाते, ओळख आणि हितसंबंध या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. परिचय एवढेच सांगायचे असताना तक्रारअर्जात 'रिलेटेड' लिहिले, तर नात्याचा आरोप होतो. हितसंबंधाचा आरोप करायचा असताना 'अक्वेंटेड' लिहिले, तर आरोपच उरत नाही.

निर्जीव वस्तूंच्या बाबतीत 'कनेक्टेड टू' हा प्रत्यक्ष जोडणीसाठी अधिक वापरतात. वाडी महामार्गाला जोडरस्त्याने जोडली आहे, पंप वीजवाहिनीला जोडला आहे, येथे 'टू'. गुन्ह्याशी, घटनेशी, प्रकरणाशी असलेला अमूर्त संबंध सांगताना 'कनेक्टेड विथ' हा रूढ पर्याय आहे. 'लिंक्ड' शब्दाच्या पुढे दोन्ही चालतात. बँक खाते आधार क्रमांकाशी जोडल्याचे सांगताना 'लिंक्ड टू' आणि 'लिंक्ड विथ' अशा दोन्ही रचना आढळतात आणि दोहोंचा अर्थ एकच असतो.

आरोग्याच्या इंग्रजी बातम्या वाचताना 'असोसिएटेड विथ' आणि 'लिंक्ड टू' या शब्दगटांकडे विशेष लक्ष द्यावे. एखादा आहार एखाद्या रोगाशी 'असोसिएटेड' असल्याचे संशोधक लिहितात, तेव्हा दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढाच त्याचा अर्थ असतो. एकीमुळे दुसरी झाली, असे सांगायचे असते, तेव्हा 'कॉज्ड बाय' किंवा 'ड्यू टू' असे शब्द येतात. मराठीत भाषांतर करताना 'संबंध आढळला' याऐवजी 'मुळे होतो' असे लिहिले, की शास्त्रज्ञांनी न काढलेला निष्कर्ष वाचकाच्या हाती पडतो.

'कन्सर्न्ड' : जागा बदलली की अर्थ बदलतो

'संबंधित अधिकारी' या शब्दप्रयोगासाठी भारतीय कार्यालयांत 'द कन्सर्न्ड ऑफिसर' ही रचना सर्रास वापरली जाते. प्रमाण इंग्रजीत 'कन्सर्न्ड' नामाच्या आधी आला, तर त्याचा अर्थ 'चिंतित' असा होतो. 'कन्सर्न्ड पेरेंट्स' म्हणजे काळजीत पडलेले पालक. 'संबंधित' हा अर्थ हवा असेल, तर शब्द नामानंतर ठेवावा : 'द ऑफिसर कन्सर्न्ड'. भारतात पहिली रचना इतकी रुळली आहे, की तिचा अर्थ कोणी चुकीचा लावत नाही. मात्र परदेशी संस्थेला किंवा विद्यापीठाला पत्र लिहिताना दुसरीच वापरणे इष्ट. कागदपत्रे, नियम, माहिती यांच्यासाठी 'रेलेव्हंट' हा शब्द अधिक नेमका आहे : 'द रेलेव्हंट डॉक्युमेंट्स' म्हणजे या कामाला लागू पडणारी कागदपत्रे.

'कन्सर्न्ड' पुढे येणारा शब्दही पाहावा. 'कन्सर्न्ड विथ' म्हणजे त्या विषयाशी निगडित. एखादे पुस्तक जलसंधारणाविषयी आहे, असे सांगताना हा शब्दगट येतो. 'कन्सर्न्ड अबाउट' म्हणजे त्या गोष्टीची काळजी असलेला. पाटबंधारे खाते पाण्याच्या प्रश्नाशी 'कन्सर्न्ड विथ' असते. ते त्याविषयी 'कन्सर्न्ड अबाउट' आहे की नाही, हा वेगळा प्रश्न होय.

'रिलेशन', 'रिस्पेक्ट' आणि 'केस'

'इन रिलेशन टू' या शब्दगटाचे दोन अर्थ आहेत. एक 'च्या संबंधात', दुसरा 'च्या तुलनेत'. उत्पादनखर्चाच्या तुलनेत भाताला मिळणारा भाव कमी आहे, असे म्हणायचे असेल, तर हा शब्दगट दुसऱ्या अर्थाने येतो. 'व्हिज-ए-व्ही' अशा उच्चाराने भारतात प्रचलित असलेला फ्रेंच शब्दही मुख्यतः तुलनेचा आहे. केवळ 'विषयी' या अर्थाने तो वापरल्यास वाक्य भारदस्त दिसते, पण संदिग्ध होते.

'विथ रिस्पेक्ट टू' आणि 'इन रिस्पेक्ट ऑफ' या दोन जवळच्या रचना आहेत. पहिलीत 'विथ' आणि 'टू', दुसरीत 'इन' आणि 'ऑफ'. त्यांची सरमिसळ करून 'इन रिस्पेक्ट टू' लिहिणे टाळावे. बारावीच्या गणितात 'क्ष'च्या सापेक्ष विकलन शिकवताना पहिली रचना येते. एका गोष्टीकडे दुसऱ्या गोष्टीच्या नजरेतून पाहणे, हा तिचा गाभा. दुसरी रचना ब्रिटिश आणि भारतीय कायदेशीर लिखाणात पैशाच्या व्यवहारासाठी फार वापरतात. तिला मराठीत 'च्या पोटी' हा शब्द चपखल बसतो. अमुक गट क्रमांकाच्या जमिनीपोटी भरपाई, अमुक वाहनापोटी विमा दावा, अमुक वर्षापोटी घरपट्टी. दाव्यात रक्कम कशापोटी मागितली, हे स्पष्ट असणे आवश्यक असते, म्हणून 'अबाउट'पेक्षा 'इन रिस्पेक्ट ऑफ' तेथे अधिक नेमका ठरतो.

'इन द केस ऑफ' म्हणजे 'च्या बाबतीत' आणि 'इन केस ऑफ' म्हणजे 'झाल्यास'. मधल्या 'द'ने सर्व फरक पडतो. कारखान्यातील फलकावर 'इन केस ऑफ फायर' असे असते, म्हणजे आग लागल्यास काय करावे. त्याच चालीवर 'इन केस ऑफ विमेन वर्कर्स' असे लिहिले, तर 'महिला कामगार झाल्यास' असा हास्यास्पद अर्थ निघू शकतो. तेथे 'द' हवा. कायद्यातील 'इन धिस बिहाफ' म्हणजे 'या बाबतीत'. 'ऑन बिहाफ ऑफ' म्हणजे 'च्या वतीने'. पहिल्याचा अर्थ दुसऱ्यासारखा लावू नये.

हरकत 'टू', अर्ज 'फॉर'

महामार्गालगतच्या गावांना उपयोगी पडणारे एक उदाहरण राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ मधील आहे. भूसंपादनाचा हेतू कलम ३-अ खालील अधिसूचनेने जाहीर होतो. तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यांपैकी एक देशी भाषेतील असावे लागते. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला कलम ३-क खाली लेखी हरकत घेता येते. हरकत कशाला, हेही कलमात सांगितले आहे : अधिसूचनेतील प्रयोजनासाठी जमिनीचा वापर करण्याला. इंग्रजीत 'ऑब्जेक्शन' शब्दापुढे 'टू' येतो. अर्जाचे शीर्षक 'अॅप्लिकेशन रिगार्डिंग लँड' असे मोघम ठेवले, तर ती हरकत आहे, भरपाईची चौकशी आहे की नोंद दुरुस्तीची मागणी आहे, हे वाचणाऱ्याच्या तर्कावर सोडल्यासारखे होते. 'ऑब्जेक्शन टू द यूज ऑफ लँड' असे लिहिले, की शीर्षकच कलमाच्या भाषेशी जुळते. मुदतीच्या आत दिलेल्या कागदाचे स्वरूप निःसंदिग्ध असणे, हे अर्जदाराच्याच हिताचे असते.

एका शब्दगटावर उभा राहिलेला कायदा

संबंध दर्शवणाऱ्या शब्दगटाला किती वजन असते, याचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण हुंडाविरोधी कायद्याचे आहे. हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ साली झाला, तेव्हा हुंड्याच्या व्याख्येत 'अॅज कन्सिडरेशन फॉर द मॅरेज' असा शब्दप्रयोग होता. त्याचा अर्थ 'विवाहाचा मोबदला म्हणून'. अर्थ अरुंद होता. दिलेली वस्तू विवाहाचा मोबदलाच होती, हे सिद्ध करणे कठीण जाई. १९८४ च्या दुरुस्तीने तो काढून 'इन कनेक्शन विथ द मॅरेज' म्हणजे 'विवाहाच्या संबंधात' असा शब्दप्रयोग घातला गेला. १९८६ साली विवाहानंतर कोणत्याही वेळी केलेल्या मागणीचा व्याख्येत समावेश झाला. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले. त्यातही छळ हुंड्याच्या मागणीसाठी किंवा तिच्या 'इन कनेक्शन विथ' झालेला असावा, अशी अट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम ८० आहे.

या शब्दगटाची व्याप्ती किती, हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर आला. २००७ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात न्यायालयाने अशी भूमिका घेतली, की आर्थिक अडचणीमुळे, घरखर्चासाठी किंवा खत विकत घेण्यासाठी केलेली पैशाची मागणी ही हुंड्याची मागणी म्हणता येत नाही. खताच्या पैशांचा विवाहाशी संबंध काय, असा त्यामागील विचार होता. २०१५ साली पंजाबातील एका खटल्यात तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने हे मत ग्राह्य धरले नाही. मागणी विवाहितेच्या मृत्यूशी वाजवीपणे जोडलेली असेल, तर वस्तुस्थिती स्पष्टपणे वेगळे दाखवत नसेल तोवर ती विवाहाच्या संबंधातीलच मानावी लागेल, असे खंडपीठाने म्हटले. कायद्याची अक्षरे तीच होती. 'इन कनेक्शन विथ' किती दूरवर पोहोचतो, याविषयीचे मत बदलले. त्या शब्दगटाच्या एका अर्थात आरोपी सुटतो, दुसऱ्या अर्थात त्याला किमान सात वर्षांची शिक्षा होते.

याच कलमातील 'रिलेटिव्ह ऑफ हर हजबंड' या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रक्ताने, विवाहाने किंवा दत्तकविधानाने झालेले नातेवाईक एवढाच धरला. 'कनेक्शन' सैल आणि रुंद, 'रिलेटिव्ह' घट्ट आणि मर्यादित, हा भाषेतील फरक येथे कायद्यातही जपला गेला आहे.

माहिती अधिकारातील 'रिलेशनशिप'

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्येही असेच एक उदाहरण सापडते. कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयीच्या मूळ तरतुदीत संबंध दोनदा आला होता. माहिती वैयक्तिक माहितीशी 'रिलेट' होत असेल आणि ती उघड करण्याचा सार्वजनिक कार्याशी वा हिताशी 'रिलेशनशिप' नसेल, तर ती नाकारता येत असे. खासगीपणावरील अनाठायी आक्रमण हे दुसरे कारण होते. म्हणजे पहिला संबंध सिद्ध झाला, तरी अर्जदाराला दुसरा संबंध दाखवण्याची वाट मोकळी होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने ही तरतूद आखूड केली आणि दुसरा 'संबंध' तिच्यातून गेला. व्यापक सार्वजनिक हित दाखवण्याची कलम ८ च्या पोटकलम २ मधील तरतूद मात्र स्वतंत्र आहे. हा अर्ज इंग्रजीतच करावा लागतो, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. कलम ६ नुसार इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राची राजभाषा यांपैकी कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. महाराष्ट्रात अर्थातच मराठीत.

करारनाम्यातील वाद

करारनाम्यातील लवादाच्या कलमात वाद कसे वर्णिले आहेत, हेही पाहावे. 'अराइझिंग अंडर' म्हणजे कराराच्या अटींखाली निर्माण होणारे. 'अराइझिंग आउट ऑफ' म्हणजे करारातून उद्भवणारे. 'इन कनेक्शन विथ' म्हणजे कराराशी जोडलेले. हे शब्दगट क्रमाने रुंद होत जातात, असे पूर्वापार मानले जाई. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७ साली फिओना ट्रस्ट प्रकरणात असल्या सूक्ष्म भेदांवर लवादाची व्याप्ती ठरवणे योग्य नाही, अशी भूमिका घेतली. भारतात १९८८ च्या डॉयपॅक सिस्टिम्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'इन रिलेशन टू' आणि 'पर्टेनिंग टू' हे व्यापक शब्दगट असून संदर्भानुसार त्यांचा अर्थ प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष दोन्ही होऊ शकतो, असे सांगितले. सही करणाऱ्याने त्यातून घ्यायचा बोध साधा आहे. हे शब्द भरतीचे समजू नयेत; त्यांच्या आत किती गोष्टी मावतात, ते विचारून घ्यावे.

साधा शब्द केव्हा पुरतो

कायद्याचा मसुदा आणि रोजचे पत्र यांत मात्र फरक करायला हवा. ब्रिटिश अर्थखात्याच्या सूचनेवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी लिहिलेले 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक १९४८ साली निघाले. कार्यालयीन इंग्रजीतील लांबलचक जोडशब्दांऐवजी साधे शब्द वापरावेत, हा त्यातील एक प्रमुख आग्रह होता. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात 'विथ रिस्पेक्ट टू' यासारख्या रचनांची गणना वाक्य फुगवणाऱ्या शब्दांत केली आहे.

हा सल्ला मराठी माणसालाही उपयोगी आहे. 'अबाउट', 'ऑन', 'फॉर', 'ऑफ', 'टू' या पाच लहान शब्दांनी बहुतेक कामे होतात. 'इन्फर्मेशन विथ रिगार्ड टू अॅडमिशन' याऐवजी 'इन्फर्मेशन ऑन अॅडमिशन' किंवा 'अबाउट अॅडमिशन' पुरते. 'पेमेंट इन कनेक्शन विथ ट्रान्सपोर्ट' याऐवजी 'पेमेंट फॉर ट्रान्सपोर्ट' अधिक स्पष्ट आहे. लांब शब्दगट वापरण्यापूर्वी एक कसोटी लावावी : त्याच्या जागी लहान शब्द ठेवून अर्थ बदलतो का? बदलत नसेल, तर लहान शब्द ठेवावा. बदलत असेल, तर कोणता लांब शब्दगट हवा, हे त्याच बदलातून कळते.

थोडक्यात निवड

पत्राचा विषय सांगण्यासाठी : 'अबाउट' किंवा 'रिगार्डिंग'.

आधीचे पत्र वा जाहिरात दाखवण्यासाठी : 'विथ रेफरन्स टू'.

आधीच्या संपर्काला जोडून लिहिण्यासाठी : 'फर्दर टू'.

आदेश, ठराव वा कायद्यानुसार : 'पर्स्युअंट टू' किंवा 'अंडर'.

नाते किंवा विषयाचा थेट संबंध : 'रिलेटेड टू'.

सहवास, सहकार्य, एकत्र आढळणे : 'असोसिएटेड विथ'.

प्रत्यक्ष जोडणी : 'कनेक्टेड टू'.

घटनेशी वा प्रकरणाशी लागाबांधा : 'कनेक्टेड विथ', 'इन कनेक्शन विथ'.

तुलना : 'इन रिलेशन टू'.

रकमेचे कारण, 'च्या पोटी' : 'इन रिस्पेक्ट ऑफ'.

'च्या बाबतीत' : 'इन द केस ऑफ', 'झाल्यास' : 'इन केस ऑफ'.

संबंधित व्यक्ती : 'द पर्सन कन्सर्न्ड', संबंधित कागद : 'द रेलेव्हंट डॉक्युमेंट'.

टाळावेत असे प्रयोग : 'रिलेटेड विथ', 'असोसिएटेड टू', 'रिगार्डिंग टू', 'विथ रिगार्ड्स टू', 'इन रिस्पेक्ट टू', 'डिस्कस अबाउट'.

ही यादी पाठ करण्यापेक्षा लिहिण्याआधी मराठीतच एक प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते : येथील संबंध नात्याचा आहे, कारणाचा, पैशाचा, तुलनेचा, की केवळ विषयाचा? त्याचे उत्तर मराठीत नेमके देता आले, तर इंग्रजी शब्द निवडणे अवघड राहत नाही.